धडधडत्या हृदयावरचा टाका : डॉ. वासिली कोलेसोव्ह

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आपल्या भागात मराठी बोलणारा असो वा कन्नड बोलणारा, एक शब्द दोघांच्याही तोंडी सारखाच आहे : बायपास. हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो. बेळगाव शहराची गर्दी टाळून बाहेरून जाणारा पुणे-बेंगळुरू हमरस्ता हा एक बायपास, आणि शेजारच्या काकांच्या हृदयावर झालेली शस्त्रक्रिया हा दुसरा. दोहोंमागील कल्पना एकच आहे. जुनी वाट तुंबली, तर ती खणत बसण्यापेक्षा तुंबलेल्या जागेच्या पलीकडे नवी वाट नेऊन जोडावी.

ही कल्पना मानवी हृदयावर साध्या सुई-दोऱ्याने प्रथम यशस्वी करून दाखविणारा पुरुष कोण, असे विचारले तर बहुतेक जण अमेरिकेचे नाव घेतील. वास्तविक तो मान रशियातील लेनिनग्राड शहराच्या एका प्राध्यापकाकडे जातो. त्यांचे नाव वासिली इव्हानोविच कोलेसोव्ह. हृदयशल्यविशारदांच्या जगात हे नाव आज आदराने घेतले जाते. आपल्यासारख्या सामान्य वाचकांपर्यंत मात्र ते क्वचितच पोचते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकावर लिहावे ह्याचे कोणाला नवल वाटेल. पण कोलेसोव्ह यांचे चरित्र हा एक मोठा हिशेबच आहे. त्यात जमेच्या बाजूची नोंद फार उशिरा झाली, आणि जी झाली तीही तपासून, निवडून झाली. म्हणूनच ते आपणही वाचण्याजोगे आहे.

प्रथम रोग काय ते थोडक्यात पाहू. हृदय सर्व शरीराला रक्त पुरविते; परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागते. ते पुरविणाऱ्या रोहिण्या हृदयाच्या पृष्ठभागावरून वेलीसारख्या पसरलेल्या असतात. त्यांची जाडी अवघी दोन ते चार मिलिमीटर. त्यांच्या आतील बाजूस चरबीयुक्त थर साचला की वाट अरुंद होते. मग जिना चढताना छातीत कळ येते, आणि वाट पुरती बंद झाली तर हृदयविकाराचा झटका येतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ह्यावर गोळ्या व विश्रांती ह्यांपलीकडे फारसा उपाय नव्हता.

प्रयत्न मात्र चालू होते. कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. आर्थर व्हाइनबर्ग छातीच्या आतील बाजूची एक रोहिणी सोडवून ती हृदयाच्या स्नायूत बोगदा करून पुरीत असत. तिला पुढेमागे नव्या फांद्या फुटतील अशी त्यांची अपेक्षा होती. मॉस्को येथे व्लादिमीर डेमिखोव्ह यांनी 1953 साली कुत्र्यांवर प्रयोग करून हीच रोहिणी थेट हृदयाच्या रोहिणीला जोडून दाखविली. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. ह्या यंत्रामुळे हृदय काही काळ थांबवून त्यावर काम करणे शक्य झाले. 1960 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डॉ. रॉबर्ट गोएट्झ यांनी टँटलम धातूची बारीक कडी वापरून एका माणसाची छातीची रोहिणी हृदयाच्या उजव्या रोहिणीला जोडली. रोगी वर्षाहून अधिक काळ जगला; परंतु सहकाऱ्यांचाच विरोध झाल्यामुळे गोएट्झ यांनी ती शस्त्रक्रिया पुन्हा केली नाही. म्हणजे वाट कोठून न्यावी हे दिसू लागले होते. तीवरून नेमाने चालणारा माणूस मिळाला नव्हता.

तो माणूस उत्तर रशियातील व्होलोग्दा प्रांतातून आला. जंगले, लांबलचक हिवाळा आणि उत्तम लोणी ह्यांसाठी हा प्रांत प्रसिद्ध आहे. तेथील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात, 24 सप्टेंबर 1904 रोजी कोलेसोव्ह यांचा जन्म झाला. ते तेरा वर्षांचे असताना रशियात राज्यक्रांती झाली. पुढे ते लेनिनग्राडला आले, वैद्यकीचे शिक्षण घेऊन शल्यविशारद झाले आणि त्याच शहराचे होऊन राहिले.

त्यांच्या तारुण्याचा सर्वांत कठीण काळ म्हणजे लेनिनग्राडचा वेढा. 8 सप्टेंबर 1941 पासून 27 जानेवारी 1944 पर्यंत, म्हणजे सुमारे नऊशे दिवस, जर्मन फौजांनी हे शहर कोंडून धरले होते. पहिल्या हिवाळ्यात काम न करणाऱ्या नागरिकाला दिवसाला अवघा 125 ग्रॅम पाव मिळे, आणि त्यातही भेसळच अधिक. लाखो माणसे उपासमारीने व थंडीने मेली. अशा शहरात कोलेसोव्ह जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले. जेथे पाणी नाही, वीज नाही, ऊब नाही, तेथे शल्यविशारदाच्या हाती उरतात ती त्याची बोटे आणि त्याचा निश्चय. ह्या अनुभवाचा त्यांच्या पुढील कामाशी काय संबंध हे नेमके मोजता येणार नाही. पण हाती असलेल्या थोड्या साधनांनिशी मोठे काम उभारण्याची त्यांची रीत पुढे जन्मभर दिसते.

1953 साली ते पाव्हलोव्ह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेनिनग्राडच्या पहिल्या वैद्यकीय संस्थेत शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले, आणि 1976 पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. येथे त्यांनी हृदयाच्या रोहिणींचा प्रश्न हाती घेतला. आधी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर काम सुरू झाले. हालणाऱ्या हृदयावरील दोन-तीन मिलिमीटरच्या नळीला दुसरी तेवढीच नळी जोडायची, टाका एक केसभर चुकला तर रक्त वाहणार, आणि टाका आवळून बसला तर वाट बंद होणार! पुनःपुन्हा करून हात बसला, तेव्हाच त्यांनी माणसाकडे पाहिले.

तो दिवस 25 फेब्रुवारी 1964. रोगी 44 वर्षांचा पुरुष होता, छातीतील कळांनी बेजार झालेला. कोलेसोव्ह स्वतः साठीला टेकले होते. त्यांनी छातीचे मधले हाड उभे कापले नाही. डाव्या बाजूने, बरगड्यांच्या मधून ते आत शिरले. हृदय-फुप्फुस यंत्र लावले नाही. हृदय धडधडतच राहिले. छातीच्या हाडाच्या कडेने आतून खाली उतरणारी डावी रोहिणी त्यांनी हलक्या हाताने सोडविली, तिचे खालचे टोक कापले आणि ते हृदयाच्या डाव्या बाजूच्या रोहिणीला, रोगट जागेच्या पलीकडे, टाक्यांनी जोडले. रोगी वाचला आणि त्याच्या कळा थांबल्या.

ह्या योजनेतील शहाणपण समजून घेण्यासारखे आहे. पायातील नीला काढून बायपास करायचा तर तिची दोन्ही टोके नव्याने जोडावी लागतात. छातीच्या रोहिणीचे वरचे टोक मात्र आपल्या मूळ जागी, मोठ्या रोहिणीला जोडलेलेच असते; खालचे तेवढे नव्या ठिकाणी न्यायचे. म्हणजे जोड एकच. शिवाय ती मुळातच रोहिणी असल्यामुळे जोराने येणाऱ्या रक्ताची तिला सवय असते. आपल्या शेतातला चालू पाट थोडा वळवून शेजारच्या कोरड्या वाफ्याला लावावा, तसे हे काम आहे.

1964 नंतरची तीन वर्षे छातीची रोहिणी हृदयाच्या रोहिणीला टाक्यांनी जोडण्याचे काम नियमितपणे करणारा जगातील एकमेव विभाग म्हणून इतिहासात कोलेसोव्ह यांच्याच विभागाचे नाव येते. मात्र घरच्या मैदानावर त्यांना टाळ्या मिळाल्या नाहीत. हृदयाच्या रोहिणींचा आजार हा औषधांचा प्रांत, तेथे सुरीचे काय काम, अशी सोव्हिएत हृदयरोगतज्ज्ञांपैकी अनेकांची भूमिका होती. ह्या शस्त्रक्रियेला भवितव्य नाही असेच जाणकारांच्या सभांतून मानले गेले. त्या विरोधाला केवळ हेवा म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. हृदयाच्या रोहिणींत औषध सोडून त्यांची क्ष-किरण चित्रे घेण्याची सोय तेव्हा तेथे सर्रास नव्हती. अडथळा नेमका कोठे आहे हे आधी कळणे कठीण, आणि जोड चालू राहिला की नाही हे नंतर दाखविणेही कठीण. पुराव्याची अशी चणचण असता संशय घेणारा माणूस मूर्ख ठरत नाही. कोलेसोव्ह यांनी त्यावर एकच उपाय केला : ते काम करीत राहिले आणि नोंदी ठेवीत राहिले.

1967 साली त्यांचा लेख अमेरिकेतील वक्ष व हृदय शल्यचिकित्सेच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत सोव्हिएत शल्यविशारदाचे काम असे पलीकडे पोचणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याच वर्षी त्यांनी टाके न घालता, बारीक धातूच्या पिना मारणाऱ्या यंत्राने रोहिणी जोडण्याचा प्रयोगही रोग्यावर यशस्वी केला. 1968 साली हृदयविकाराच्या तीव्र अवस्थेत असलेल्या रोग्यावरही त्यांनी बायपास केला.

पण 1967 हेच वर्ष त्यांचे नाव मागे टाकणारे ठरले. त्या वर्षी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी पायातील नीला वापरून बायपास करण्यास सुरुवात केली. ह्या संस्थेत डॉ. मेसन सोन्स यांनी रोहिणींची क्ष-किरण चित्रे घेण्याचे तंत्र आधीच सिद्ध केले होते. अडथळा दिसत होता, जोडही दिसत होता. यंत्राच्या साहाय्याने हृदय थांबवून शांतपणे टाके घालता येत. एकाच वेळी तीन-चार रोहिण्यांना वाट काढून देता येई. आणि हे तंत्र शिष्यांना शिकविणेही सोपे होते. ते झपाट्याने जगभर पसरले, आणि भारतातही 1975 पासून बायपास होऊ लागला. फावालोरो यांचे श्रेय कोणी नाकारू नये. एका माणसाच्या हातचे कौशल्य त्यांनी हजारोंच्या हाती दिले. मात्र ह्या लाटेत लेनिनग्राडचा प्राध्यापक आणि त्याचे धडधडते हृदय दोन्ही विस्मरणात गेली.

कोलेसोव्ह यांनी ह्याबद्दल मोठा गाजावाजा केल्याचे दिसत नाही. 1976 साली त्यांनी विभागप्रमुखपद सोडले. 1977 साली हृदयाच्या रोहिणींच्या शल्यचिकित्सेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 2 ऑगस्ट 1992 रोजी ते वारले. तोपर्यंत सोव्हिएत संघ मोडला होता आणि लेनिनग्राडला आपले जुने नाव, सेंट पीटर्सबर्ग, परत मिळाले होते.

येथे चरित्र संपते. पण हिशेब येथून पुढे खऱ्या अर्थाने सुरू होतो. कोलेसोव्ह यांच्या शस्त्रक्रियेत दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. एक, छातीची रोहिणी वापरणे. दुसरी, हृदय न थांबविता बाजूच्या छेदातून काम करणे. काळाने ह्या दोन कलमांचा निवाडा वेगवेगळा केला आहे.

पहिल्या कलमावर काळाने पूर्ण मान्यतेची सही केली. पायाच्या नीलेचे जोड दहा वर्षांत जवळजवळ निम्मे बंद पडतात. छातीच्या रोहिणीचे मात्र दहांपैकी सुमारे नऊ तोवर चालू राहतात, असा अनुभव आला. 1986 साली क्लीव्हलँड येथूनच डॉ. फ्लॉइड लूप व सहकाऱ्यांनी मोठ्या संख्येतील रोग्यांचा दहा वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. हृदयाच्या समोरच्या मुख्य रोहिणीला छातीची रोहिणी जोडलेले रोगी अधिक जगतात, असे त्यातून दिसले. आज जगातील बहुतेक प्रत्येक बायपासमध्ये हा एक जोड असतोच. शेजारच्या काकांच्या छातीतही तो बहुधा असेल.

दुसऱ्या कलमाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. यंत्राचेही काही दोष आहेत. रक्त नळ्यांतून फिरते तेव्हा शरीरात दाह होतो, रक्तस्राव वाढतो, मुख्य रोहिणीला चिमटा लावताना तीतील कण सुटून मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. म्हणून 1980 नंतर अर्जेंटिनात डॉ. फेदेरिको बेनेत्ती व ब्राझीलमध्ये डॉ. एन्यो बुफोलो यांनी धडधडत्या हृदयावरील बायपास मोठ्या प्रमाणावर पुन्हा सुरू केला. पुढे नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे ऑक्टोपस नावाचे साधन तयार झाले. त्याच्या चोषक पकडीने हृदयाचा टाक्यापुरता भाग स्थिर राहतो आणि बाकीचे हृदय आपले काम करीत राहते. 1990 नंतरच्या दशकात डाव्या बरगड्यांमधील लहान छेदातून बायपास करण्याची पद्धत इटली व अमेरिकेत पुढे आली. 1998 साली पॅरिसमध्ये यंत्रमानवाच्या हातांनी, बोटभर छिद्रांतून असे जोड करण्यात आले. नवे म्हणून ज्याचे कौतुक झाले, त्याची मूळ वाट 1964 सालीच पडलेली होती.

परंतु लहान छेद म्हणजे आपोआप मोठा लाभ, असे मानणे बरोबर नाही. ही परीक्षाही झाली आहे. अमेरिकेत 2203 माजी सैनिकांवर यंत्रासह व यंत्राविना अशा दोन्ही रीतींची तुलना करण्यात आली. 2009 साली आलेल्या निष्कर्षांत, यंत्राविना केलेले जोड वर्षअखेर तुलनेने कमी चालू राहिल्याचे आढळले. त्याच रोग्यांपैकी पाच वर्षांत यंत्राविना गटातील 15.2 टक्के, तर यंत्र वापरलेल्या गटातील 11.9 टक्के दगावले होते. दुसरी पाहणी 19 देशांतील 4752 रोग्यांची. तिच्यात भारतीय रुग्णालयेही सामील होती आणि हात बसलेल्या शल्यविशारदांनाच घेतले होते. तेथे पाच वर्षांनंतरही दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. ह्या दोन पाहण्या शेजारी ठेवल्या की वाटते, पद्धतीइतकेच महत्त्व ती पद्धत कोणाच्या हाती आहे ह्याला आहे.

बरगड्यांमधील लहान छेदाचा लाभ खरा आहे. छातीचे हाड शाबूत राहते, त्यामुळे ते चिघळण्याची भीती टळते. मधुमेही माणसाला हे विशेष मोलाचे. रक्त कमी जाते, रोगी लवकर कामावर रुजू होतो. रोजंदारीवर पोट असलेल्याला किंवा दुकान एकट्याने चालविणाऱ्याला लवकर कामावर जाणे म्हणजे काय, हे जमाखर्च शिकणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पण ह्या छेदातून सोयीने पोचता येते ते मुख्यतः समोरच्या रोहिणीपर्यंत. अनेक रोहिण्या तुंबल्या असतील तर काम अवघड होते. मग कधी उरलेल्या ठिकाणी स्टेंट बसवितात, तर कधी सरळ मोठा छेदच हितकारक ठरतो. तेव्हा कोणत्या रोग्याला कोणती वाट, हा निर्णय जाहिरात पाहून करण्याचा नव्हे. रोहिण्या किती, त्या कोठे तुंबल्या, हृदयाची ताकद किती आणि शल्यविशारदाचा त्याच पद्धतीतील अनुभव किती, हे विचारूनच तो करावा. आपल्या देशात धडधडत्या हृदयावरील बायपास फार मोठ्या प्रमाणावर होतो, म्हणून हे प्रश्न आपल्या घरचेच आहेत.

मित्रहो, हिशेबतपासनिसाला आपण एक गोष्ट शिकतो : खाते कोणाचे आहे हे पाहून कलम मंजूर करायचे नसते, आणि नामंजूरही करायचे नसते. कोलेसोव्ह यांच्या समकालीनांनी त्यांची दोन्ही कलमे एकत्र फेटाळली. आज कोणी भक्तिभावाने दोन्ही डोळे मिटून स्वीकारील, तर तोही तीच चूक करील. छातीच्या रोहिणीचे कलम पक्के जमा आहे. यंत्राविना, लहान छेदातून करण्याचे कलम अटींसह जमा आहे, आणि त्याची तपासणी अजून चालू आहे. व्होलोग्दाच्या एका शेतकऱ्याच्या मुलाच्या खात्यावर एवढी शिल्लक उरते, आणि ती पुष्कळच आहे. त्या जोडाने वाचलेली असंख्य माणसे आज जगात हिंडत आहेत. त्यांतील बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नाही. ते निदान आपल्याला ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.